फड कुणाचा, नाव कुणाचं

"बाई, यात्रेला औंदा कुणाचा तमाशा ठरलाय, कळलं का?"

जिजींनी वईपलीकडून असं विचारलं, म्हणजे त्यांना ते आधीच कळलेलं होतं. मला माहीत नाही म्हटल्यावर त्यांनी हातातली मेथीची जुडी वईवर टेकवली. जिजींनी भाजी खाली ठेवली की अर्धा तास गेला, असं आमच्या घरात समजतात.

"तुकाराम खेडकराचा."

"अहो जिजी, तुकाराम खेडकर जाऊन साठ वर्षं होऊन गेली. १९६४ ला गेले ते."

"मंग? माणूस गेला म्हणून फड जातो व्हय?"

आमची वस्ती वारुळवाडीत, म्हणजे नारायणगावला चिकटूनच. जिजींच्या मालकांची नारायणगावात चहाची टपरी होती, राहुट्यांच्या अगदी तोंडाशी. होळी सरली की इथं फडांच्या राहुट्या लागतात. खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर, पारनेर, संगमनेर, अकोले, सगळीकडच्या यात्रा कमिट्या पाडव्याच्या आसपास जीप भरून येतात आणि सतरंजीवर बसून सुपारी ठरवतात. चैत्रातल्या यात्रांचा सगळा हिशेब इथं होतो. प्रत्येक राहुटीत जिजींच्या मालकांचा चहा जायचा आणि रिकाम्या कपांबरोबर आतली बातमी बाहेर यायची. कोण कुणाला सोडून गेलं, कुणाची उचल कुणी फेडली, कुठल्या फडाचा ढोलकीवाला रातोरात दुसऱ्या राहुटीत जाऊन बसला. ते सगळं जिजींच्या डोक्यात आहे. मी शाळेत इतिहास शिकवला, पण तारखा विचारायला मला अजून जिजींकडेच जावं लागतं. त्यांच्या तारखा म्हणजे "इंदिराबाईंच्या आधी" आणि "धरण भरलं त्या साली" अशा असतात, तेवढं आपण समजून घ्यायचं.

"पण बोर्डावर नुसतं खेडकर नसतं ना," मी म्हटलं. "तुकाराम खेडकर सह पांडुरंग मुळे मांजरवाडीकर असतं."

"मांजरवाडी आपलीच की! जुन्नर तालुक्यातली. नाव खेडकराचं आन फड मांजरवाडीकराचा. आन खेडकराचा लेक निराळाच. त्याचा फड संगमनेरचा. रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर. येका माणसाच्या नावानं दोन दोन तंबू उभे."

इतका वेळ जिजींचा नातू ओट्यावर कानात बोंडं घालून बसला होता. पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, गिटार वाजवतो, सुट्टीला आला की आजीच्या मेथीला हात लावत नाही. त्यानं एक बोंडू काढलं.

"आज्जे, हे म्हणजे लिनर्ड स्किनर्डसारखं झालं."

"कुणाचा फड म्हनला?"

"अमेरिकेतला बँड आहे. फ्लोरिडाचा. सुरुवातीचा एकही माणूस जिवंत नाही त्यातला, तरी बँड चालू आहे."

मग त्यानं सांगितलं ते असं. या पोरांच्या शाळेत लिओनार्ड स्किनर नावाचे खेळाचे मास्तर होते. लांब केस दिसले की पोरांना धारेवर धरायचे. पोरांनी बँड काढला आणि मास्तरांचंच नाव थोडं वाकडं करून त्याला दिलं. नाव झालं, पैसा आला. १९७७ च्या ऑक्टोबरात त्यांचं विमान पडलं आणि गाणारा रॉनी व्हॅन झँट गेला, वाजवणाऱ्यांतलाही एक गेला. दहा वर्षं सगळं बंद. १९८७ ला पुन्हा उभे राहिले, तेव्हा रॉनीच्या जागी त्याचा धाकटा भाऊ जॉनी. पहिल्यांतला शेवटचा माणूस गॅरी रॉसिंग्टन २०२३ च्या मार्चमध्ये गेला. तरीही यांचे कार्यक्रम सुरूच आहेत.

जिजींनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"भाऊ उभा राहिला ना? मंग चालनारच. पर मास्तरच्या नावानं फड? बाई, तुमच्या नावानं येकादा निगायचा औंदा."

"जिजी, माझ्या नावानं पोरं फक्त सुट्टी काढतात."

आता भावांचा विषय निघालाच म्हटल्यावर भाऊ-बापूंवर यावंच लागलं. नारायणगावचं नाव तमाशाला चिकटलं ते या घराण्यामुळं. नारायण खुडे यांनी फड उभा केला आणि पुढं भाऊ आणि बापू या दोघांनी तो गाजवला. भाऊ-बापू मांग नारायणगावकर. मला या नावाबद्दल नेहमी एक गोष्ट वाटत आलीय, ती मी जिजींना बोलून दाखवली. ज्या काळात या माणसांना गावात पाणी वरून वाढायचे, त्या काळात त्यांनी आपली जात बोर्डावर मोठ्या अक्षरांत लिहिली. आणि त्याच गावांनी तिकीट काढून तो बोर्ड वाचला.

"वाचला आन सुपारी बी दिली," जिजी म्हणाल्या. "दिवसा इटाळ, रातच्याला टाळ्या. आमचे मालक म्हनायचे, टपरीचा चहा सगळ्यांला येकाच कपात द्यायचा मी. त्यावरनं भांडनं झाली गावात."

भाऊंची मुलगी विठाबाई. १९३५ ला पंढरपुरात जन्मली म्हणून नाव विठा. जिजी त्यांना "विठाक्का" म्हणतात, जणू नात्यातल्याच. पुढं फडावर त्यांचं नाव आलं, पण वडलांचं पुसलं गेलं नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. फडाच्या नावात असं एकापुढं एक जोडत जातात आणि मागच्याला कुणी खोडत नाही. या घराण्याचे पोस्टर ओळीनं लावले तर वंशावळ तयार होईल.

विठाबाईंची बाळंतपणाची गोष्ट जिजींनी सांगितलीच. आपल्याकडं ती न सांगता विठाबाईंचं नाव घेताच येत नाही. दिवस भरलेले असताना स्टेजवर नाचत होत्या, कळा आल्या, मागं गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ ठेचून तोडली, पोटाला पदर आवळला आणि परत पब्लिकसमोर. लोकांनीच हात जोडून बारी थांबवली.

"तुम्ही होता का तिथं, जिजी?"

"मी कुठली! पर समदेच म्हनत्यात आमी व्हतो."

ते खरंच आहे. ती रात्र पाहिली म्हणणारी माणसं एकत्र केली तर एका तंबूत मावणार नाहीत. मात्र १९५७ आणि १९९० असे दोनदा राष्ट्रपतींकडून सन्मान झाला, चीनच्या लढाईच्या वेळी जवानांपुढं बारी केली, आणि १५ जानेवारी २००२ ला त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांनी दिलेल्या देणग्यांतून भागलं. यातल्या शेवटच्या गोष्टीला साक्षीदार मिळत नाहीत. २००६ पासून सरकार त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं, आणि आता हिंदीवाले त्यांच्यावर सिनेमा काढतायत म्हणे. जिजींना त्याचं फारसं कौतुक नाही. "त्या हिरवनीला ढोलकीच्या ठेक्यावर सलग येक तास उभी करा म्हनावं, मंग बघू."

"मुली किती, सांगा," जिजींनी माझी परीक्षा घेतली.

मला चार ठाऊक होत्या. मंगला बनसोडे, संध्या माने, भारती सोनवणे, मालती इनामदार. मंगलाताई कराडकडच्या करवडीच्या झाल्या, त्यांचा फड वेगळा, आणि पोरगा नितीनकुमार हाताशी आल्यावर त्याचंही नाव बोर्डावर चढलं. मालतीताईंचा आणखी वेगळा. विठाबाईंच्या नावाचा फड त्यांचा नातू मोहित चालवतो. म्हणजे एका भाऊ-बापूंचे हे इतके फड. गावातली शहाणी माणसं याला भाऊबंदकी म्हणतात. जिजींना ते मान्य नाही.

"भाऊबंदकीत बांध कोरत्यात बाई. हितं दर फुटीला येक तंबू वाढला. येका तंबूत शंभराच्या घरात माणसं पोसली जात्यात. गाडीवाले, तंबूवाले, आचारी, वाजवनारे, पोरी. फुटलं ते बरंच झालं म्हना की."

मला विचाराल तर जिजींचं निम्मंच बरोबर आहे. तंबू वाढले, पण चांगला सोंगाड्या काही पेरून उगवत नाही. चार फडांत मिळून दोन सोंगाडे असले की ओढाओढ होते, आणि तिथून खरी गंमत सुरू होते.

ही ओढाओढ चालते उचलीवर. पावसाळ्यात फड बंद. कलावंताच्या घरी चूल पेटवायला फडमालक आगाऊ रक्कम देतो, ती उचल. दसऱ्याला फड बाहेर पडला की ती अंगावर काम करून फेडायची. फिटली तर ठीक. बहुतेक फिटत नाही, कारण मधे कुणाचं लग्न निघतं, कुणाचं दुखणं. मग दुसरा मालक येतो, पहिल्याची बाकी टाकतो आणि माणूस उचलून नेतो. मालकानं तरी उचल कुठून द्यायची? तोही सावकाराकडूनच आणतो. जिजींचे मालक सांगायचे, एका राहुटीतला ढोलकीवाला चहा पिता पिता उठला आणि कप हातात घेऊनच समोरच्या राहुटीत गेला. कप परत आला, माणूस आला नाही.

"ईगल्समध्येही असंच झालं," नातू म्हणाला. आता त्यानं दोन्ही बोंडं काढली होती.

"ह्यो दुसरा फड का?"

"हो. १९७१ चा, लॉस एंजेलिसचा. त्यात रँडी माइस्नर म्हणून एक जण होता. तो आधी पोको नावाच्या बँडमध्ये होता. तिथून गेला, त्याच्या जागी टिमोथी श्मिट आला. मग रँडीनं १९७७ ला ईगल्स सोडलं, तर तिथंही त्याच्या जागी टिमोथीच."

जिजी इतक्या हसल्या की मेथीची जुडी वईपलीकडं माझ्या अंगणात पडली. "म्हंजी ह्यानं सोडायचं आन त्यानं मागनं जाऊन बसायचं! उचल कोन देत व्हतं त्याला?"

"उचल नाही आज्जे, पण पैशावरून भांडणं होतीच. एकाला २००१ ला काढून टाकलं, तो कोर्टात गेला. १९८० ला तर सगळेच फुटले होते, चौदा वर्षांनी परत आले. आणि मुख्य माणूस ग्लेन फ्रे २०१६ ला गेला, तेव्हा दुसऱ्या वर्षी त्याच्या जागी त्याचा मुलगा उभा राहिला."

"लेक उभा केला? मंग ते नारायनगावचेच."

आपल्याकडं आणि त्यांच्याकडं एक फरक आहे, तो मी नातवाला सांगितला. त्यांचा माणूस फुटला की वकील लावतो, नावावर हक्क सांगतो, गाण्यांचे पैसे घरी येत राहतात. आपल्याकडं फुटलेल्याच्या हाती फक्त गळा किंवा हात असतो. कांताबाई सातारकरांचं बघा. १९३९ चा जन्म, गुजरातेत डभोईचा. तुकाराम खेडकरांच्या फडात आल्या, बाई असून शिवाजी महाराजांची भूमिका करायच्या आणि तंबू उभा राहून बघायचा. तुकाराम गेले तेव्हा त्यांना पोरांसकट त्याच फडातून बाहेर पडावं लागलं. कोर्ट नाही, कागद नाही. दुसऱ्यांच्या फडांत राबल्या, मग स्वतःचा उभा केला. रघुवीर मोठे झाले, सोंगाड्या म्हणून त्यांचं नाव झालं, आणि मग बोर्डावर मुलाच्या नावापुढं आईचं नाव आलं. विठाबाईंच्या नावाचा सरकारी पुरस्कार कांताबाईंना मिळाला, तसाच मंगलाताईंनाही, म्हणजे आईच्या नावाचा पुरस्कार लेकीच्या हातात. मे २०२१ ला कांताबाई गेल्या. करोनात. तंबूत ज्यांनी हजारो माणसं बसवली, त्यांना निरोप द्यायला माणसं जमवायची परवानगी नव्हती.

या करोनाचं जिजींनी लगेच काढलं. २०२० चा पाडवा कुणी विसरायचा नाही. २५ मार्च, लॉकडाऊनचा पहिला दिवस. ज्या एका दिवशी वर्षाच्या सुपाऱ्या ठरतात, नेमका त्याच दिवशी देश बंद. राहुट्या रिकाम्या. पुढचं सालही तसंच गेलं. उचली अंगावर राहिल्या, कुणी रानात मजुरीला गेलं, कुणी टोमॅटोच्या बाजारात क्रेट उचलले.

"त्यात लई माणसं तुटली," जिजी म्हणाल्या. "परत आलीच नायत. आता बोर्ड त्योच, पर मागं कोन वाजवतंय ते बघावं लागतं."

बोर्डावरच्या नावांवरून दत्ता महाडिकांचा विषय निघाला. दत्ता महाडिक पुणेकर. माणूस आपल्या जुन्नर तालुक्यातला, बोर्डावर मात्र पुणेकर. पुण्यामुंबईच्या थिएटरांत चालायचं तर जुन्नरकर म्हणून कोण विचारणार, असं जिजींचं स्पष्टीकरण. त्यांच्याबरोबर सोंगाड्या गुलाब बोरगावकर. ही जोडी बोर्डावर असली की आंबेगावातली माणसं घोड नदी उतरून, बैलगाड्या जुंपून यायची. महाडिक स्वतः कवी, गाणी आपली आपण बांधायचे, आणि बोरगावकर त्यांच्या शब्दावर असा शब्द टाकायचे की पुढचं गाणं सुरू व्हायला वेळ लागायचा. ही माणसं जोडीनंच बघायची असत. एक काढून दुसरा बसवला की बतावणी लंगडी पडते, कारण ती लिहिलेली नसते, दोघांच्या ओळखीतनं निघते.

जोडी म्हटल्यावर कवलापूरचे काळू-बाळू आलेच. सांगलीकडचं हे घराणंच जोड्यांचं. आधी सातू-हिरू, मग शिवा-संभा, मग काळू-बाळू. लहू आणि अंकुश खाडे, जुळे. 'जहरी प्याला' वगात दोघे हवालदार व्हायचे, आणि कोणता कोणता हे पब्लिकला शेवटपर्यंत कळायचं नाही. तिथं माणूस बदलायची सोयच नव्हती. जुळ्यातल्या एकाची बदली कुठून आणणार?

"अमेरिकेत हायत का रं जुळे?" जिजींनी नातवाला विचारलं. त्यानं फोन काढला. जिजींनी त्याला पुढं बोलू दिलं नाही, कारण रस्त्यावरून यात्रा कमिटीचे अण्णा मोटारसायकलवर येताना दिसले.

"अण्णा, थांबा जरा. खेडकर ठरला म्हनं."

"ठरला जिजी. पाकीट देऊन आलो काल. रातची बारी आन सकाळची हजेरी, दोन्ही."

हे ठीक झालं. काही गावं हल्ली हजेरी, म्हणजे सकाळचा खेळ, कापतात. रात्री तमाशा, सकाळी हजेरी, दुपारी कुस्त्या आणि घाटात गाडे म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यती, हा आमच्याकडच्या यात्रेचा क्रम. मधे २०१४ पासून २०२१ पर्यंत गाड्यांवर बंदी होती तेव्हा यात्रेचा दिवस सुना सुना जायचा. गाडे परत आले आणि कमिटीचा पैसा पुन्हा घाटाकडं वळला. अण्णांच्या तोंडी तर बारी कमी आणि बारीचा गाडा जास्त असतो. या भागात बारी घाटातही असते आणि स्टेजवरही. अण्णांचा जीव घाटातल्या बारीत.

"सोंगाड्या कोन हाय?" जिजी.

"आं?"

"ढोलकीला कोन? वग कंचा लावनार?"

अण्णा गप्प. त्यांनी कागदावर तारीख, रक्कम आणि फडाचं नाव एवढंच लिहून आणलेलं.

"आवं पन जिजी, वग कशाला आता? धाला भोंगा बंद करावा लागतो. पोरांला गाणीच पायजेत."

तेही खोटं नाही. पूर्वी गण, गवळण, बतावणी, रंगबाजी झाली की मध्यरात्रीनंतर वग उभा राहायचा आणि तांबडं फुटेपर्यंत चालायचा. रात्री दहाचा नियम आला आणि वगाचे पाय कापले गेले. रंगबाजी फुगली. त्यानं फडातली माणसंही बदलली. संवाद पाठ असणारे, राजा होणारे, हवालदार होणारे म्हातारे कलावंत घरी बसले आणि सिनेमाच्या गाण्यावर नाचणाऱ्या पोरींची मागणी वाढली. गावानं काय मागितलं त्याप्रमाणं फड बदलतो. मग "पहिल्यासारखा तमाशा राहिला नाही" हे गाऱ्हाणं तंबूत जाऊन कुणापुढं मांडायचं?

"म्हनून तर हजेरी ठेवा म्हनते मी," जिजी अण्णांना म्हणाल्या. "हजेरीला भोंगा बंद नसतो. वग सकाळच्याला लावा. म्हातारी मानसं तरी बघतील. पर आधी इचारा, वगातली मानसं हायत का त्यांच्याकडं."

अण्णांनी मान डोलावली, गाडी चालू केली आणि नारायणगावच्या दिशेनं परत गेले. आमच्या यात्रा कमिटीनं एका बाईचं ऐकल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

तेव्हा खेड-आंबेगाव-जुन्नरच्या तमाम कमिट्यांना आमच्या वईवरून एवढीच विनंती. राहुटीत जाल तेव्हा बोर्डावरचं नाव वाचून पाकीट देऊ नका. यंदा सोंगाड्या कोण, ढोलकीला कोण, हजेरीला कोणता वग, हे विचारा आणि करारपत्रावर लिहून घ्या. आणि ठरलेली रक्कम यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, फड गावातून हलायच्या आत, पूर्ण द्या.